मनगटाचं हाड मोडल्यावर हात पुन्हा कामाला लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात; त्यातलं अंगठ्याच्या बाजूचं रेडिअस. इथली उत्तरं त्याच्या मनगटाजवळच्या टोकाच्या फ्रॅक्चरबद्दल आहेत. पाय घसरला आणि तोल सावरायला हात पुढे टेकला की बहुतेकदा हेच हाड मोडतं. डब्लिनचे सर्जन अब्राहम कोलीस यांनी १८१४ साली याचं वर्णन केलं, म्हणून केसपेपरवर ‘कोलीज फ्रॅक्चर’ लिहिलेलं दिसतं. अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या स्कॅफॉइड हाडाचं फ्रॅक्चर वेगळं असतं. ते सावकाश जुळतं, त्याला इथलं वेळापत्रक लावू नका. तुमच्या सर्जनची सूचना इथल्या मजकुरापेक्षा वेगळी असेल तर सर्जनचंच ऐका, कारण तुमचा एक्स-रे त्यांनी पाहिलेला असतो.

प्लास्टर घातलंय म्हणजे हाताला पूर्ण विश्रांती द्यायची ना?

विश्रांती मनगटाला द्यायची. बोटं, कोपर आणि खांदा पहिल्या दिवसापासून हलले पाहिजेत. या दुखापतीनंतर हात अधू राहतो तो बरेचदा मनगटामुळे नाही, तर सहा आठवडे न हलवलेल्या बोटांमुळे. सुजेतलं पाणी प्रथिनयुक्त असतं. ते कंडरांभोवती (स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांभोवती) आणि सांध्यांत साचून राहिलं की हळूहळू चिकट होतं आणि पुढे तिथे जाळं धरतं. बोटांच्या मुळाशी असलेले सांधे सरळ अवस्थेत पडून राहिले तर त्यांच्या बाजूचे बंध आखडतात. मग प्लास्टर निघालं तरी मूठ मिटत नाही.

बोटांचे पाच आकार पाठ करा. पहिला, बोटं पूर्ण सरळ. दुसरा हुक: मुळाचे सांधे सरळ ठेवून वरचे दोन सांधे वाकवायचे. तिसरा, पूर्ण मूठ. चौथा टेबल: बोटं सरळ, पण मुळाशी काटकोनात वाकलेली. पाचवा, सपाट मूठ: शेवटचा सांधा सरळ ठेवून बोटांची टोकं तळहाताच्या बुडाकडे न्यायची. प्रत्येक आकारात ३ ते ५ सेकंद थांबायचं. असे १० फेरे, जागेपणी दर एक-दोन तासांनी. मग अंगठ्याचं टोक एकेका बोटाच्या टोकाला लावायचं आणि शेवटी करंगळीच्या मुळापर्यंत न्यायचा प्रयत्न करायचा. दिवसातून तीनदा दोन्ही हात डोक्यावर पूर्ण वर न्या, प्रत्येक वेळी १० वेळा. मनगट मोडलेल्यांचा खांदा आखडणं ही नेहमीची गोष्ट आहे आणि ती सहज टाळता येते.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी तपासा. तळहाताकडची प्लास्टरची कड बोटांच्या मुळाजवळच्या आडव्या रेषेच्या अलीकडे, मनगटाच्या बाजूला संपली पाहिजे. ती पुढे आली असेल तर बोटं मुळातून वाकणारच नाहीत. घरी कात्री लावू नका, दवाखान्यात जाऊन कड कमी करून घ्या.

झोळी दिवसभर गळ्यात ठेवायची नाही. बाहेर पडताना, गर्दीत ती हवी. घातली की पंजा कोपरापेक्षा वर राहील इतकी आखूड बांधा. झोपताना हात दोन उशांवर ठेवा.

प्लास्टर घट्ट झालंय हे कसं ओळखायचं?

आधी अंगठ्या आणि बांगड्या. पडल्यापडल्या, सूज चढायच्या आत त्या काढा. राहिल्याच असतील तर दवाखान्यात कापून घ्या. बांगडी वाढवणं जिवावर येतं हे खरं, पण सुजलेल्या हातात रुतलेल्या कड्यामुळे बोटाचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो.

गोळी घेऊनही दुखणं वाढत जातंय, कुणी बोटं हलकेच सरळ केली तरी कळ जाते, बोटं बधिर, पांढरी, निळी किंवा गार पडली आहेत, यातलं एकही लक्षण असलं तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. नख दाबून सोडा. गुलाबी रंग साधारण दोन सेकंदांत परत यायला हवा. नुसती सूज असेल, दुखणं आणि संवेदना ठीक असतील, तर हात छातीच्या वर धरून अर्धा तास मूठ उघड-मीट करून पाहा. उतरली नाही तर दाखवा. आत खाज सुटली म्हणून पट्टी किंवा विणायची सुई घालू नका. कातडी फुटते आणि जखम आत झाकली जाते.

प्लास्टर काढलं, पण हात ओळखीचा वाटत नाही. काही बिघडलंय का?

बहुधा नाही. दंडाखालचा हात बारीक झालेला, कातडी कोरडी आणि खपल्यांची, लव वाढलेली, मनगट लाकडासारखं कडक: सगळ्यांचं असंच असतं. पहिले काही दिवस ठणकही असते, कारण आधार गेलेला असतो. कोमट पाण्यात साबणाने धुवा आणि हलकं तेल किंवा मलम लावा. खपल्या घासणीने काढू नका, त्या आठवड्याभरात आपोआप जातात.

पूर्ववत व्हायला किती काळ लागतो?

हाड बहुतेकदा सहा ते आठ आठवड्यांत जुळतं. रोजची हलकी कामं तीन महिन्यांच्या आसपास जमू लागतात. पकडीची ताकद यायला सहा महिने ते वर्ष लागतं आणि थोडी सुधारणा त्यानंतरही होत राहते. हाड जुळलं असं डॉक्टरांनी सांगितलं की घरातल्यांना वाटतं, संपलं. हाताच्या कामाला खरी सुरुवात त्या दिवशी होते, आणि हे घरातल्यांनीही समजून घेतलं तर फार बरं.

तंबाखूने हाड जुळायला उशीर होतो. त्यात मिश्री आणि तपकीरही आली. ‘मी सिगारेट ओढत नाही’ म्हणणाऱ्यांनी याचाही हिशोब धरावा.

ऑपरेशन करून प्लेट बसवली आहे. माझं वेळापत्रक वेगळं आहे का?

सुरुवात लवकर होते. प्लेट भक्कम बसली असेल तर सर्जन साधारण एक-दोन आठवड्यांत काढता-घालता येणारा पट्टा देऊन मनगट हलवायला सांगतात. पण प्लेट हाड धरून ठेवते, जुळवत नाही. त्यामुळे वजन उचलणं आणि हातावर भार देणं याला परवानगी एक्स-रेनंतरच, बहुधा सहा आठवड्यांनंतर. तारा घातल्या असतील तर त्या चार ते सहा आठवड्यांत काढतात. तोवर तारांची तोंडं कोरडी ठेवायची आणि मनगटाचा व्यायाम तारा निघाल्यावर सुरू करायचा.

टाके निघून जखम पूर्ण कोरडी झाली की वणाला मालिश करा: अंगठ्याने दाबून गोल, आडवं आणि उभं, ५ मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. नुसतं वरून तेल चोळून उपयोग नाही. बोटाखाली कातडी सरकली पाहिजे, नाहीतर वण खालच्या कंडरांना चिकटतो.

मनगटाचे व्यायाम नेमके कसे करायचे?

थोडे आणि वारंवार. दिवसातून एकदा तासभर करण्यापेक्षा ५-६ वेळा दहा-दहा मिनिटं केलेले चांगले. एका दमात जास्त केलं की सूज येते आणि दुसरा दिवस वाया जातो.

आधी वर-खाली. हात टेबलावर ठेवा, मनगट कडेच्या बाहेर, तळहात जमिनीकडे. सैल मूठ मिटून मनगट वर उचला, ५ सेकंद धरा, मग बोटं उघडून मनगट खाली सोडा. १० वेळा. इथली ‘सैल मूठ’ फार महत्त्वाची आहे. प्लास्टरनंतर मनगट उचलणारे स्नायू दुबळे झालेले असतात आणि त्यांच्याऐवजी बोटं सरळ करणारे स्नायू पुढे होतात. बोटं ताठ करून मनगट वर नेलंत तर कोन दिसतो, पण वस्तू हातात धरली की मनगट पुन्हा खाली पडतं. मूठ मिटून उचललं की नेमका हवा तो स्नायू कामाला लागतो.

मग आजूबाजूला. तळहात टेबलावर टेकवून, कोपर न हलवता, पंजा अंगठ्याकडे आणि करंगळीकडे सरकवा. खाली पातळ फडकं ठेवलं तर सहज सरकतो. १० वेळा.

ताण देण्याचे प्रकार हाड जुळल्याचं डॉक्टरांनी सांगितल्यावरच. त्यात नमस्कार सर्वांत उत्तम: छातीपाशी हात जोडा, तळवे बुडापर्यंत चिकटलेले ठेवून कोपरं हळूहळू बाजूला उचला. ३० सेकंद, ३ ते ५ वेळा. तळव्यांची बुडं सुटायला लागली की तिथेच थांबा. उलट दिशेसाठी पंजांच्या पाठी एकमेकींना लावून बोटं खाली. ताण सावकाश आणि एकसारखा द्यायचा, हिसके देऊन काहीही मिळत नाही.

निरोगी मनगट वर सुमारे ७० आणि खाली ८० अंश वाकतं. रोजची बहुतेक कामं मात्र दोन्ही बाजूंना ४० अंशांत भागतात. त्यामुळे दुसऱ्या हाताशी रोज तुलना करून निराश होऊ नका. दर रविवारी त्याच जागी, बाजूने, मोबाइलवर फोटो काढा. रोज न दिसणारा फरक महिन्याच्या चार फोटोंत दिसतो.

तळहात वर वळतच नाही. दुकानात सुटे पैसेही घेता येत नाहीत.

ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार आहे, आणि बऱ्याचदा ही हालचाल सगळ्यांत उशिरा परत येते. रेडिअस हे हाड शेजारच्या अल्ना या हाडाभोवती फिरतं म्हणून पंजा उलटसुलट होतो. दोघांमधला सांधा मनगटालगतच असतो आणि या फ्रॅक्चरमध्ये त्यालाही मार बसतो. घास तोंडाशी नेणं, तोंडावर पाणी मारणं, तीर्थ घेणं, सगळं याच हालचालीवर चालतं.

कोपर काटकोनात वाकवून बरगडीला चिकटवा. काखेत छोटा टॉवेल धरा. तो पडला तर तुम्ही खांद्याने फसवताय. आता तळहात छताकडे वळवा, ५ सेकंद धरा, मग जमिनीकडे. दोन्हीकडे १० वेळा. काही आठवड्यांनी, हाड पक्कं झाल्यावर, हातात लाटणं उभं धरून हेच करा. लाटण्याचं वरचं टोक बाजूला झुकतं आणि त्याच्या वजनाने हात आणखी थोडा वळतो. सुरुवातीला लाटणं मधोमध धरा, जमू लागलं की मूठ खाली सरकवा. वरचा भाग जितका लांब, तितका ताण जास्त. दुसऱ्या हाताने मदत करायची असेल तर मनगटाच्या वर, हाताच्या हाडांना धरून वळवा. पंजा धरून पिळलात तर ताण चुकीच्या सांध्यावर येतो.

व्यायाम करताना दुखतं. थांबायचं का?

ओढ बसणं, ठणकणं अपेक्षित आहे. दुखणं ० ते १० मध्ये ४ पर्यंत असेल आणि अर्ध्या-एक तासात निवळत असेल तर चालू ठेवा. रात्री झोपमोड झाली, किंवा सकाळी बोटं आदल्या दिवसापेक्षा सुजलेली दिसली, तर संख्या निम्मी करा. पण बंद करू नका. ‘दुखल्याशिवाय सुटणार नाही’ म्हणत दात-ओठ खाऊन मनगट वाकवणारे आणि भीतीने हात कुशीत धरून बसणारे, दोघांचाही हात आखडतो.

बर्फ, शेक की मालिश?

व्यायामाआधी १० मिनिटं कोमट पाणी, आणि त्या पाण्यातच बोटं व मनगट हलवा. व्यायामानंतर सूज चढत असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटं. संवेदना कमी असेल तर दोन्हींपासून जपा, कातडी भाजल्याचं कळत नाही.

बोटांच्या टोकांकडून कोपराकडे हलक्या हाताने मालिश केल्याने सूज उतरायला मदत होते. जोर लावून रगडणं, ‘सांधा मोकळा करतो’ म्हणून कुणी हिसका देणं, याला ठाम नकार द्या. सूज वाढते, आणि कच्चं हाड सरकूही शकतं.

मूठ पूर्ण मिटत नाही. काय करू?

मधल्या बोटाचं टोक तळहाताच्या रेषेपासून किती सेंटिमीटर दूर राहतं ते पट्टीने मोजा आणि दर आठवड्याला लिहून ठेवा. दोन आठवड्यांत आकडा अजिबात हलला नाही तर हाताच्या थेरपिस्टकडे जा, आणखी वाट पाहू नका. घरी मऊ कणकेचा गोळा घ्या: मुठीत दाबा, चिमटीने खेचा, बोटांभोवती कणकेचं कडं घालून बोटं फाकवा. कडक रबरी चेंडू दाबत बसणं लोकांना आवडतं, पण तो मूठ पूर्ण मिटूच देत नाही. आधी पूर्ण मूठ, ताकद नंतर.

बारीक कामासाठी स्वयंपाकघरासारखी जागा नाही. मटार सोलणं, लसूण सोलणं, तांदूळ निवडणं, शर्टाची बटणं, साडीच्या निऱ्या. ही कामं हलकी आहेत, डॉक्टरांची हरकत नसेल तर प्लास्टरमध्येही त्यातली काही जमतात.

घरकाम कोणत्या क्रमाने सुरू करू?

वजनाची शिडी घरातच आहे. प्लास्टर निघाल्यावर चहाचा कप. तो सहज जमला की अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी, मग पाण्याने भरलेला तांब्या, म्हणजे साधारण किलोभर. प्रत्येक पायरीवर आठवडाभर थांबा. भरलेली २० लिटरची बादली म्हणजे २० किलो. ती तीन महिन्यांच्या आत नको, आणि त्यानंतरही आधी अर्धी. गॅसवरची कढई एका हाताने उचलायची घाई करू नका, इथे अचानक पकड सुटली तर भाजतं.

पोळ्या लाटणं त्यामानाने लवकर जमतं, कारण भार दोन्ही हातांत वाटला जातो. कणीक मळणं अवघड आहे: वाकलेल्या मनगटावर शरीराचं वजन येतं. सुरुवातीला मुठीने मळा आणि पीठ थोडं सैल भिजवा. भाकरी थापणं त्याहून नंतर, कारण उघड्या तळव्यावर सतत ठोके बसतात. कपडे पिळण्यात पकड आणि पीळ एकदम लागतात. ओलं कापड नळाला अडकवून दोन्ही टोकं एकत्र धरून पिळलं तर निम्मा त्रास वाचतो. जाड मुठीची भांडी धरायला सोपी. चमच्याच्या दांड्याला फडकं गुंडाळलंत तरी काम होतं.

जमिनीवरून उठताना सवयीने तळहात टेकला जातो. त्याऐवजी मूठ टेका, मनगट सरळ राहतं. सूर्यनमस्कार आणि तळव्यांवर भार येणारी आसनं सर्वांत शेवटी: आधी भिंतीवर हात टेकून, मग ओट्यावर, मग जमिनीवर. या तीन टप्प्यांना काही महिने द्या.

दुचाकी कधी चालवू?

हाड जुळलेलं, पट्टा सुटलेला, आणि दोन्ही ब्रेक एकदम करकचून १० वेळा दाबताना कळ येत नाही, या तिन्ही गोष्टी झाल्यावर. उजवा हात मोडला असेल तर अॅक्सिलरेटर पिळून धरायला मनगट वर वाकलेलं राहावं लागतं, म्हणून उजव्या हाताला वेळ जास्त लागतो. गाडी मुख्य स्टँडवर चढवणं हे चालवण्यापेक्षा जड काम आहे, ते दुसऱ्याला सांगा. संगणकावर टायपिंग बहुतेकांना प्लास्टर निघाल्यावर लगेच थोडं थोडं जमतं, दर २० मिनिटांनी थांबून मूठ उघड-मीट करा.

कोणत्या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये?

दुखणं दुखापतीच्या मानाने फारच जास्त, आगआग, ओढणीचा स्पर्शही सहन न होणं, पंजाचा रंग आणि उष्णता बदलणं, एकाच हाताला घाम, बोटं ताठ: ही सीआरपीएस (कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम) या वेदनेच्या विकाराची लक्षणं असू शकतात. लवकर ओळखलं तर उपचार खूप सोपे असतात. हात लपवून ठेवण्याने ते वाढतं. परातीत तांदूळ, रवा, डाळ अशा वेगवेगळ्या स्पर्शांत हात दिवसातून अनेकदा फिरवणं हा उपचाराचाच भाग आहे. क जीवनसत्त्वाच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या ५० दिवस देण्याची पद्धत याच विकाराला रोखण्यासाठी आहे. तिच्याबद्दलचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत, आणि मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी विचारूनच घ्यावी.

दुसरं लक्षण अनेकांच्या लक्षातच येत नाही. तळहात टेबलावर पालथा ठेवून फक्त अंगठा वर उचला. काही आठवड्यांपूर्वी उचलता येत होता आणि आता अचानक येत नाही, तर अंगठा सरळ करणारी कंडरा तुटलेली असू शकते. न सरकलेल्या, अगदी साध्या वाटणाऱ्या फ्रॅक्चरमध्येही हे होतं, कारण हाडाच्या खोबणीत ती कंडरा घासते आणि तिचा रक्तपुरवठा कमी पडतो. ती व्यायामाने जुळत नाही. तर्जनीची एक जादा कंडरा वळवून अंगठ्याला जोडतात आणि परिणाम चांगला मिळतो. प्लेट असलेल्यांना वर्षांनंतरही अंगठ्याचं टोक वाकवताना कचकच किंवा दुखणं जाणवलं तर सर्जनना दाखवावं.

अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला रात्री मुंग्या येत असतील तर मनगटातून पंजाकडे जाणारी मीडियन नस (मज्जातंतू) दबलेली असू शकते. तेही सांगा.

मनगट थोडं वाकडं जुळलंय. पुन्हा ऑपरेशन लागेल का?

वयस्कर माणसांत दिसायला वाकडं मनगट कामाला पुष्कळदा छान असतं. एक्स-रे आणि रोजचं काम हे दोन वेगळे निकष आहेत. तरुण माणसाला, अवजड काम करणाऱ्याला, किंवा हात फिरवताना करंगळीच्या बाजूला सतत दुखत असेल तर मात्र तज्ज्ञाचा सल्ला घ्या. त्या बाजूचं दुखणं सहा महिने ते वर्षभरात अनेकांचं कमी होतं. पीळ देणारी कामं तेवढा काळ कमी करा.

आई नुसती उभ्या उभ्या पडली आणि मनगट मोडलं. हाडं ठिसूळ आहेत का?

पन्नाशीनंतर उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडणं हा ठिसूळपणाचा बहुतेकदा पहिला इशारा असतो. डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी करून घ्या आणि ड जीवनसत्त्वाची पातळी पाहा. दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं, तिळात त्याहून खूप जास्त, पेलाभर दुधात साधारण २५०. हाडं ठिसूळ निघाली तर नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांवर भागत नाही, औषधं वेगळी असतात.

घरात न्हाणीघरात पकडायला दांडा, ओल्या फरशीवर न सरकणारं पायपुसणं आणि रात्री उठताना लागणारा छोटा दिवा बसवा. पावसाळ्यात अंगणात शेवाळ धरतं तो भाग घासून घ्या. आईला एका पायावर, ओट्याला धरून, १० सेकंद उभं राहण्याचा सराव रोज दोन्ही पायांनी करायला सांगा.